पाण्याखालचा संसार

नौदलाच्या गुलदार जहाजाची बातमी तुमच्यापैकी अनेकींनी वाचली असेल. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणारं हे जहाज १९८५ च्या डिसेंबरात सेवेत आलं आणि १२ जानेवारी २०२४ ला निवृत्त झालं. लांबी साधारण चौऱ्याऐंशी मीटर, म्हणजे एस.टी.च्या सात-आठ गाड्या एकीमागे एक लावाव्यात तेवढी. ते भंगारात न काढता सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ समुद्राच्या तळाशी ठेवायचं ठरलं, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत नौदलाने ते महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात दिलं. कल्पना अशी की लोखंडावर प्रवाळ धरेल, मासे घर करतील आणि पाठीवर हवेची टाकी बांधून माणसं खाली जाऊन ते बघतील.

आमच्या बचत गटात मालवणच्या सहलीचा विषय चालला होता, तेव्हा ही बातमी निघाली. चांगलं जहाज मुद्दाम बुडवायचं हे कुणालाच पटेना. आणि बुडालेलं बघायला पैसे देऊन पाण्यात उतरायचं हे तर त्याहून नाही. मैत्रिणींनो, मी माहेरची बारामतीची, तिथे पाणी म्हणजे नीरेचा कालवा. सासर इंदापूर, इथे पाणी म्हणजे उजनी. उजनीने आमचा ऊस उभा केला हे खरं, पण तिच्या पाण्याखाली गावंच्या गावं गेली. कडक उन्हाळ्यात धरण आटलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, बघायला गाड्या भरून लोक जातात. त्या गर्दीत एक आजी मला भेटल्या होत्या. देवळाकडे पाठ करून त्या चिखलात आपल्या घराचा उंबरा शोधत होत्या. आणि २०२४ च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळात उलटली, सहा जण गेले. ते दोन-तीन दिवस आमच्या तालुक्यात कुणाला घास गोड लागला नाही. आमच्यासाठी पाण्याखाली जे असतं ते गमावलेलं असतं. ते बघायला हौसेनं जायचं ही रीत कुठून आली आणि पाण्यात श्वास घ्यायचं ते यंत्र काढलं कुणी, असं एकीनं विचारलं. म्हणून मी वाचत गेले, आणि वाचता वाचता एका माणसाच्या आयुष्यात गुंतले. खरं तर दोघांच्या. पण जगाला नाव ठाऊक आहे ते एकाचंच, जाक-ईव्ह कुस्तो.

कुस्तोचा जन्म ११ जून १९१० चा, फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या सँ-आंद्रे-द-क्युब्झाक या लहान गावातला. पोरगं किरकोळ, सदा आजारी. वडील वकील, श्रीमंत अमेरिकन माणसांचे सचिव म्हणून नोकरी करायचे, त्यामुळे घराचं बिऱ्हाड सतत हलतं. काही काळ तर न्यूयॉर्कला. तिथल्या एका उन्हाळी शिबिरात तलावाच्या तळातल्या फांद्या काढायचं काम या पोराला लावलं, आणि श्वास रोखून बुडी मारायची गोडी तिथे लागली. तेराव्या वर्षी त्याने पैसे साठवून सिनेमाचा कॅमेरा घेतला. अभ्यासात मात्र मन नाही. शाळेच्या खिडक्यांच्या काचा फोडल्या म्हणून काढून टाकलं, मग कडक शिस्तीच्या वसतिगृहात घातलं. तिथे तो सुधारला आणि १९३० मध्ये ब्रेस्टच्या नौदल विद्यालयात दाखल झाला.

त्याला व्हायचं होतं वैमानिक. प्रशिक्षण चालू असताना रात्री वडिलांची मोटार चालवताना मोठा अपघात झाला. दोन्ही हात जायबंदी. एक हात कापावा लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याने साफ नकार दिला. महिनोन् महिने तो बोटं हलवायला शिकत राहिला. विमान कायमचं सुटलं. हाताला ताकद यावी म्हणून तुलाँ बंदरातल्या समुद्रात रोज पोहायचा व्यायाम सुरू झाला. तिथे १९३६ मध्ये फिलिप ताय्ये नावाच्या नौदलातल्या मित्राने त्याला पाण्यात घालायचा चष्मा दिला. कुस्तोने तो लावून डोकं पाण्यात घातलं, आणि खाली गवत, खडक, मासे स्वच्छ दिसले. डोकं वर काढलं की रस्त्यावरची वर्दळ आणि विजेचे खांब, खाली घातलं की दुसरंच जग. अंगभर समुद्रात पोहणाऱ्या माणसाने समुद्र पाहिलेलाच नव्हता. पुढची साठ वर्षं तो त्या चष्म्याच्या मागे गेला असं म्हटलं तरी चालेल.

आता सिमोन. सिमोन मेल्शियॉर १९१९ ची. वडील नौदलात, दोन्हीकडचे आजोबा नौदलात. बालपणाची काही वर्षं जपानमध्ये कोबेला गेलेली. समुद्रावर जायचं हे तिच्या डोक्यात लहानपणापासून होतं, पण त्या काळात मुलीला जहाजावर कोण घेणार? जहाजावर जायचा तिच्यापुढे एकच रस्ता होता, नौदलातला नवरा. १२ जुलै १९३७ ला दोघांचं लग्न झालं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पुढच्याच वर्षी जाँ-मिशेल झाला आणि १९४० मध्ये धाकटा फिलिप. तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि जर्मनीने फ्रान्स गिळला.

कुस्तो, ताय्ये आणि फ्रेदेरिक द्युमा नावाचा एक पट्टीचा पोहणारा असे तिघे त्याही दिवसांत श्वास रोखून समुद्रात उतरत होते, मासे मारून घरी आणत होते. १९४२ मध्ये त्यांनी पाण्याखाली एक छोटी फिल्मही काढली. पण छातीतली हवा पुरून पुरून किती पुरणार? मिनिट, दीड मिनिट. त्याआधी पाणबुडे होते, नाही असं नाही. तांब्याचं शिरस्त्राण, शिशाचे बूट, आणि वरच्या बोटीतून पंपाने सोडलेली हवेची नळी. पण ते पाणबुडे तळावर चालायचे, नळीला बांधलेल्या जनावरासारखे. कुस्तोला माशासारखं मोकळं पोहायचं होतं.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगते, कारण ती समजली की पुढचं सोपं आहे. सिनेमात आपण बघतो, माणूस पोकळ बोरू तोंडात धरून तळ्यात लपतो. प्रत्यक्षात हात-दीड हात खोलीच्या पुढे हे जमत नाही. पाणी छातीला आवळतं आणि वरची साधी हवा ओढून घ्यायची ताकद फुप्फुसात राहत नाही. दर दहा मीटरला, म्हणजे तीन मजली घराच्या उंचीला, हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्यामुळे खाली गेलेल्या माणसाला हवा मिळायला हवी ती त्या खोलीवर पाण्याचा जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबाची. आणि तीही त्याने श्वास घेतला तेवढ्यापुरतीच, नाहीतर टाकी पाच मिनिटांत रिकामी. खोली बदलेल तसं हे आपोआप जमलं पाहिजे.

हे कोडं सुटलं ते सिमोनच्या माहेरामुळे. तिचे वडील एअर लिक्विड या गॅस बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी जावयाची गाठ पॅरिसमध्ये कंपनीतल्या एमिल गान्यां या इंजिनिअरशी घालून दिली. साल १९४२, महिना डिसेंबर. जर्मनांनी पेट्रोल काढून नेलेलं, मोटारी गॅसवर चालवाव्या लागत होत्या, आणि इंजिन मागेल तेवढाच गॅस सोडणारी एक छोटी झडप गान्यांने केली होती. आपल्या सिलिंडरवरचा रेग्युलेटर आठवा. आत रबराचा पडदा असतो, तो दाबाप्रमाणे हलतो आणि टाकीतला जोरदार गॅस शेगडीला झेपेल एवढाच पुढे जातो. त्याच जातीची वस्तू. मोटारीच्या इंजिनाच्या जागी माणसाची छाती, एवढाच फरक करायचा होता.

१९४३ च्या जानेवारीत मार्न नदीच्या गार पाण्यात पहिली चाचणी झाली आणि फसली. आडवं पोहताना यंत्र ठीक चालायचं, उभं राहिलं की हवा भसाभसा बाहेर, डोकं खाली केलं की श्वास जड. परत जाताना दोघांच्या लक्षात आलं की उच्छ्वास बाहेर पडायची जागा आणि हवा आत सोडणारा पडदा वेगवेगळ्या उंचीवर आहेत, म्हणून दोन्हीकडच्या पाण्याच्या दाबात फरक पडतो. दोन्ही शेजारी शेजारी आणले आणि काम झालं.

जून महिन्यात दक्षिण किनाऱ्यावर बांदोलजवळ कुस्तो नवं यंत्र पाठीला बांधून समुद्रात उतरला. द्युमा काठावर अंग ऊबदार ठेवून बसला, काही झालं तर उडी मारायला. आणि वर पाण्याच्या पृष्ठभागावर पालथी तरंगत, चष्म्यातून खाली नवऱ्यावर नजर ठेवून होती सिमोन. दोन लहान मुलांची आई, चोवीस वर्षांची. खाली त्याने कोलांट्या मारल्या, उलटा झाला, बोटावर उभा राहिला, श्वास अडला नाही. एका कपारीत त्याला शेवंडी दिसल्या. आपल्याकडे शेवंड कोकणातच मिळते, कोळंबीची थोरली बहीण म्हणा. त्या धरून त्याने वर आणून बायकोच्या हातात दिल्या. युद्धात सगळं रेशनवर असताना त्या दिवशी त्या घरात मेजवानी झाली. मोठमोठ्या शोधांच्या गोष्टींत त्या रात्री काय शिजलं हे सहसा कुणी लिहून ठेवत नाही, इथे ते ठेवलंय म्हणून मला विशेष वाटलं.

यंत्र हातात आल्यावर ते पहिल्यांदा कुठे गेले? बुडालेल्या जहाजांकडे. त्याच वर्षी त्यांनी काढलेल्या फिल्मचं नावच मुळी बुडालेली जहाजं असं आहे. फिल्मची रिळं मिळेनात, तेव्हा लहान मुलांच्या साध्या कॅमेऱ्यात घालायच्या रोलच्या शेकडो पट्ट्या विकत आणून एकमेकांना चिकटवल्या. मार्सेलिसच्या समोर प्लानिए नावाचं दीपगृह आहे, त्याच्या खडकावर १९२८ मध्ये दाल्तों हे मालवाहू जहाज आपटून बुडालं होतं. उथळ भाग होता, वरून ऊन आत झिरपायचं. मार्सेलिस हे नाव आपण मराठी माणसं एकाच कारणानं ओळखतो, सावरकरांनी तिथे बोटीतून उडी घेतली ती ८ जुलै १९१०. त्या दिवशी हा कुस्तो महिन्याचाही झाला नव्हता.

त्या जहाजांत त्यांनी पाहिलं ते असं. जिन्याच्या कठड्यावर समुद्रफुलं उमललेली, खोल्यांमधून माशांचे थवे ये-जा करणारे, दारं उघडी. वाळूच्या उघड्या तळावर माशाला आडोसा नसतो. जहाजाच्या लोखंडाला चिकटायला जागा मिळते, शेवाळ येतं, शिंपले येतात, ते खायला लहान मासे आणि लहानांच्या मागे मोठे. काही वर्षांत तिथे संसार उभा राहतो. निवतीला गुलदार ठेवायचं जे ठरलं ते याच जोरावर. माझ्या गटातल्या बायकांना हे सांगितलं तेव्हा जहाज बुडवण्याची कल्पना त्यांना थोडी पटली. पडक्या वाड्यात पारवे राहतातच की, असं एक जण म्हणाली.

पण बुडालेलं जहाज म्हणजे फक्त माशांचं घर नव्हे. तिथे माणसं गेलेली असतात. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, आणि कोकणातल्या घरांत ते अजून विसरलेले नाहीत. कुस्तो १९५५ मध्ये लाल समुद्रात थिसलगॉर्म या ब्रिटिश जहाजावर उतरला. १९४१ मध्ये जर्मन विमानांनी बुडवलेलं, नऊ माणसं गेलेली. त्याने आतली एक मोटारसायकल, तिजोरी, घंटा वर काढून नेली. ते मला रुचलं नाही, हे इथे सांगून टाकते. गुलदारमध्ये कुणी मेलेलं नाही, ते रिकामं करून खाली न्यायचं जहाज आहे, म्हणून तिथे हौसेनं जायला माझी हरकत नाही. रामदासचं तसं नाही.

यंत्रानेही बळी घेतलेच. १९४७ च्या सप्टेंबरात मॉरिस फार्ग हा त्यांच्यातला एक कसलेला पाणबुडा किती खोल जाता येतं ते पाहायला उतरला, एकशेवीस मीटरवरच्या पाटीवर सही केली, आणि दोरीवरचे त्याचे इशारे बंद झाले. वर ओढला तो मृतदेहच. खूप खोलवर हवेतला नायट्रोजन दारूसारखा चढतो, माणसाला भान राहत नाही. मालवण-तारकर्लीला नवशिक्यांना थोड्याच खोलीवर नेतात, तिथे ही भीती नाही. पण एक नियम तिथेही पाळायचा असतो. पाण्यात श्वास कधीही रोखायचा नाही, विशेषतः वर येताना. वर येताना दाब कमी होतो आणि छातीत कोंडलेली हवा फुगते, फुप्फुस फाटू शकतं. म्हणजे आपण विहिरीत पोहायला शिकताना जे शिकलो त्याच्या अगदी उलट. दमा असेल, कानाचं दुखणं असेल, सर्दी असेल, दिवस गेलेले असतील तर उतरायचं नाही आणि तिथल्या फॉर्मवर खोटं लिहायचं नाही.

युद्ध संपलं. कुस्तोचा थोरला भाऊ पिएर-आंत्वान ज्यूंविरुद्ध विष ओकणाऱ्या वर्तमानपत्राचा संपादक होता, त्याला फाशीची शिक्षा झाली, मग ती कमी होऊन तुरुंगवास झाला. हा स्वतः शत्रूविरुद्ध गुप्त कामगिरी केलेला, तरी नौदलाचा गणवेश घालून भावासाठी साक्ष द्यायला गेला. वरिष्ठांना ते आवडणार नाही हे माहीत असून गेला. सख्ख्या भावाचं काय करायचं, हा प्रश्न ज्यांच्या घरात आलाय त्यांनाच कळेल.

१९५० मध्ये जहाज मिळालं. कॅलिप्सो, अमेरिकेत बांधलेलं, ब्रिटिश नौदलात सुरुंग काढायचं काम केलेलं, नंतर माल्टात माणसांची ने-आण करणारं लाकडी जहाज. एका धनिकाने ते घेऊन कुस्तोला वर्षाला एक फ्रँक भाड्याने दिलं. जहाज फुकटात पडलं, पण ते पाण्यात न्यायला इंधन लागतं, होकायंत्र लागतं, दुर्बिणी लागतात. त्यासाठी सिमोनने घराण्यातले दागिने विकले आणि फरचे कोटही. दादासाहेब फाळक्यांच्या सिनेमासाठी सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले हे आपल्याला माहीत आहे. ही तिचीच फ्रेंच जाऊ. आमच्या गटात महिन्याला एखादी तरी बाई पाटली गहाण ठेवायची म्हणून सल्ला विचारायला येते, कधी मुलाच्या फीसाठी, कधी नवऱ्याच्या बोअरसाठी. त्या सोन्याचं पुढे काय होतं ते मी पाहिलंय. म्हणून ही एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली.

सिमोनने फक्त दागिने देऊन हात झटकले नाहीत. ती जहाजावर राहायलाच गेली. १९५१ मध्ये कॅलिप्सो लाल समुद्रात गेलं तेव्हा सगळ्या पुरुषांत ती एकटी बाई होती. पुढची चाळीस वर्षं ती नवऱ्यापेक्षाही जास्त दिवस त्या जहाजावर राहिली. आजाऱ्याची शुश्रूषा, पैशाचा मेळ, भांडणं मिटवणं, वादळात कुणाला धीर देणं. खलाशी तिला धनगरीण म्हणायचे, फ्रेंचमध्ये त्यांचा तो लाडाचा शब्द होता, मेंढरं राखणारी. कॅमेरा आला की मात्र ती बाजूला व्हायची. कुस्तोच्या एवढ्या फिल्म, पण त्यांत ती अगदी क्वचित दिसते.

कॅलिप्सोचं पहिलं मोठं काम मार्सेलिसजवळच, ग्राँ काँग्लुए या खडकाशी. १९५२ मध्ये तिथे पस्तीस-चाळीस मीटर खोलीवर दोन हजार वर्षांपूर्वीच्या जहाजाचा माल सापडला. दोन कानांचे द्राक्षाच्या दारूचे रांजण हजारोंनी, आणि काळ्या झिलईची ताटं-वाट्या, जशाच्या तशा रचलेल्या. पाच वर्षं उपसा चालला. त्यातच नोव्हेंबर १९५२ मध्ये सेर्वांती हा तरुण पाणबुडा गेला. घाई मात्र झाली. देखरेख करणारे पुरातत्त्वज्ञ वर जहाजावर, कारण त्यांना पाण्यात उतरता येत नव्हतं, आणि खाली कोणती वस्तू कुठे होती याचा नीट नकाशा न करता माल वर येत राहिला. तीसेक वर्षांनी पुन्हा अभ्यास झाला तेव्हा कळलं की तिथे एक नाही, दोन जहाजं होती, एकावर एक, मधलं अंतर शंभरेक वर्षांचं. आपल्या गोव्यात सुंचीच्या खडकावर जेमतेम तीन ते सहा मीटर पाण्यात सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष आहेत. तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी भांड्यांचे तुकडे. तिथे दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पाणबुडे काम करून आले, पण मोजमाप घेत, जागेची नोंद करत. पहिल्याने घाई केली म्हणून पुढचे शिकले.

१९५३ मध्ये कुस्तो आणि द्युमाचं पुस्तक आलं, त्याच नावाचा सिनेमा १९५६ मध्ये. त्याला कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार आणि ऑस्कर दोन्ही मिळाले. मी तो अलीकडे पाहिला, आणि काही प्रसंगांत बघवलं नाही. मासे मोजायला प्रवाळात सुरुंग लावलाय. देवमाशाचं पिलू जहाजाच्या पंख्याने कापलं गेलं, त्याच्यावर आलेल्या शार्कना खलाश्यांनी सूड उगवल्यासारखं मारलं. समुद्र वाचवा म्हणून पुढे जगभर सांगत फिरणारा माणूस हाच. मधल्या काळात तेल कंपन्यांसाठी अबू धाबीच्या समुद्राचा तळही त्याने तपासून दिला, कारण जहाज चालवायला पैसा हवा. मग १९६० मध्ये भूमध्य समुद्रात अणुकचरा टाकायचा घाट घातला गेला तेव्हा त्याच्याविरुद्ध उभा राहिला तोही हाच. माणूस एकाच रंगाचा नसतो, आणि बदलला हे खरं. जिथे त्याने तरुणपणी पोहायला सुरुवात केली तिथलेच खडक त्याने म्हातारपणी उजाड झालेले पाहिले होते.

सुदानच्या किनाऱ्याजवळ १९६३ मध्ये त्याने दहा मीटर खोलीवर घर बांधलं. खरंखुरं घर, चांदणीच्या आकाराचं, खाटा, जेवणाचं टेबल, स्वयंपाकी आणि एक पोपट. माणसं तिथे महिनाभर राहिली. लग्नाच्या सव्विसाव्या वाढदिवसाला सिमोन खाली उतरली आणि दोघं त्या घरात जेवली. लग्नाच्या आधीपासून तिला समुद्रावर घर हवं होतं, मिळालं ते समुद्राच्या खाली.

१९६८ पासून टीव्हीवर त्याच्या मालिका सुरू झाल्या आणि लाल लोकरी टोपीतला तो सडपातळ म्हातारा घराघरांत पोचला. १९७३ मध्ये समुद्ररक्षणासाठी संस्था काढली. धाकटा फिलिप त्याचा उजवा हात, वडिलांसारखाच कॅमेऱ्याचा आणि विमानाचा वेडा. २८ जून १९७९ ला लिस्बनजवळ पाण्यावर उतरताना त्याचं विमान उलटलं. वय अडतीस. कुस्तो खचला. थोरला जाँ-मिशेल वडिलांच्या मदतीला आला.

आता जे सांगायचं ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. सिमोन कॅलिप्सोवर होती, त्या काळात कुस्तोचं दुसरं घर उभं राहत होतं. फ्रान्सीन त्रिप्ले नावाच्या स्त्रीपासून त्याला १९८० मध्ये मुलगी आणि १९८२ मध्ये मुलगा झाला. जगाला पत्ता नव्हता. सिमोन १ डिसेंबर १९९० ला कर्करोगाने गेली, आणि जून १९९१ मध्ये त्याने फ्रान्सीनशी लग्न केलं. हे वाचून मला तो नकोसा झाला होता, दोन दिवस पुस्तक बाजूला ठेवलं. पण त्याच दोन वर्षांत म्हातारा देशोदेशी फिरून अंटार्क्टिकात खाणी होऊ नयेत म्हणून लाखो सह्या गोळा करत होता, आणि १९९१ च्या माद्रिद करारात तिथलं खनिज उकरायला बंदी आली, तीही खरीच. बर्फाचा खंड राखणारा माणूस घर राखू शकला नाही. असे पुरुष आपण तालुक्याच्या गावातही पाहिलेत. त्यांच्या कामाचं मोल कमी होत नाही, पण कामाच्या पायात कुणाची पाटली गेली हेही लिहून ठेवावं, म्हणून लिहितेय.

शेवट फार चांगला नाही. कंपन्यांच्या नावावरून थोरल्या मुलाशी कोर्टकचेरी झाली. जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूर बंदरात एक बार्ज आदळली आणि कॅलिप्सो बुडालं. ते वर काढलं, पण पुन्हा समुद्रावर गेलं नाही. कुस्तो २५ जून १९९७ ला पॅरिसमध्ये गेला, सत्त्याऐंशी वर्षांचा होऊन. त्याला त्याच्या गावी सँ-आंद्रेला नेऊन घराण्याच्या जागेत पुरलं. सिमोनची रक्षा सात वर्षांपूर्वीच समुद्रात सोडली होती.